काशीत सोडलेलं

‘‘गंगा म्हणजे काय कचऱ्याची पेटी आहे का हो, वहिनी?’’

लघाटे गुरुजी आईवर असे खेकसले, की शेजारच्या यजमानांना संकल्प सांगणारे दुसरे गुरुजी मधेच थांबून आमच्याकडे बघायला लागले. आई गुडघाभर पाण्यात उभी होती. पदर खोचलेला, माघातल्या थंडीनं दातावर दात वाजत होते. तिनं एवढंच सुचवलं होतं, की काशीला आलं की एक आवडती वस्तू सोडायची असते ना, मग आमच्या ह्यांच्याकडून सिगारेट सोडवून घ्या.

‘‘इथं आवडतं ते द्यायचं असतं,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘फळ द्या, भाजी द्या, पक्वान्न द्या. व्यसनं टाकायला लोक इथं यायला लागले, तर गंगेनं करायचं काय?’’

अप्पांना तर हवंच होतं. ‘‘पण गुरुजी,’’ ते साळसूदपणे म्हणाले, ‘‘मला सगळ्यात आवडते ती तीच. हिच्याहूनही जास्त.’’

गुरुजी हसले नाहीत. ‘‘मग तुम्ही जाणा आणि गंगा जाणे. ओंजळीत पाणी घ्या, मनात नाव घ्या आणि सोडा. तोंडानं बोलायचं नाही. सोडलेलं गावभर सांगत सुटायचं नाही. आणि सोडलं ते सोडलं. दिलेलं कुणी परत मागत नाही.’’

अप्पांनी ओंजळ भरली, डोळे मिटले आणि पाणी सोडलं. मग आईनं. तिला बराच वेळ लागला. ओंजळीतलं पाणी बोटांतून गळून संपलं, तिनं पुन्हा भरून घेतलं, मग सोडलं. मी काठावर टॉवेल आणि चपला सांभाळत बसले होते. अप्पांनी सिगारेट सोडली अशी माझी खात्री पटली, कारण एवढ्या थंडीत, एवढ्या लांब येऊन, बायकोसमोर गंगेत उभं राहून कुणी खोटं बोलेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. मी तेव्हा तीस वर्षांची होते, म्हणजे वयानं मूर्ख नव्हते.

काशीपर्यंत आलो ते अप्पांच्या पायामुळे, आणि ते प्रकरण साधं नव्हतं. अप्पा मोजणी खात्यात होते. साखळी घेऊन सातारा जिल्ह्याच्या डोंगरदऱ्या त्यांनी पायाखाली घातल्या होत्या, आणि प्रत्येक बांधावर उभं राहून एक सिगारेट ओढली होती. रिटायर झाल्यावर पाय दुखायला लागला. पोटरीत गोळा यायचा. कऱ्हाडच्या सोमवार पेठेतल्या आमच्या घरापासून संगमाच्या घाटापर्यंत रोज संध्याकाळी आई आणि अप्पा फिरायला जात. लग्न झाल्यापासूनची रीत. मोजणीच्या गावाहून अप्पा दमून आले तरी ते चुकायचं नाही. घाटावर बसायचं, ओली भेळ खायची, काळोख पडायच्या आत परत. आता अप्पा वाटेत थांबायला लागले. थांबले की भिंतीवरच्या जाहिराती वाचत उभे राहायचे, म्हणजे पाय दुखतोय हे आईला कळू नये. नवसाक्षरासारखे ते मोठ्यानं जाहिराती वाचायचे, आणि आई पुढं न बघता शेजारी उभी राहायची.

डॉक्टर बर्ग्यांनी पाय दाबून पाहिला, करंगळीचं काळंनिळं टोक पाहिलं आणि म्हणाले, ‘‘खांबेटे, पायातल्या रक्ताच्या वाटा बंद होतायत. सिगारेट की पाय, काय ठेवायचं ते ठरवा. दोन्ही राहणार नाही.’’

अप्पांनी दवाखान्याबाहेर येऊन पहिल्यांदा काय केलं ते सांगायची गरज नाही.

परतीच्या प्रवासात इटारसीला गाडी बराच वेळ थांबली. अप्पा पाय मोकळे करतो म्हणून उतरले. मी खिडकीतून चहावाला शोधत होते, तर समोर खांबाला टेकून अप्पा. हातात सिगारेट. धूर सोडून त्यांनी माझ्याकडे बघून हातही केला.

मी तशीच खाली उतरले. ‘‘अप्पा! गंगेत सोडलीत ना?’’

‘‘कोण म्हणालं? मी पडवळ सोडलं.’’

‘‘पडवळ? तुम्ही पडवळ कधी खाता?’’

‘‘नाही ना खात. म्हणूनच सोपं गेलं.’’

मी तणतणत डब्यात आले आणि आईला सगळं सांगितलं. आता भडका उडणार म्हणून सरसावून बसले. आमच्या घरात सिगारेटवरून जे भांडण चाले, ते मला जन्मापासून पाठ होतं. आईनं पाकिटं पिठाच्या डब्यात लपवली होती, नळाखाली धरली होती, देवासमोर ठेवून अप्पांना शपथा घातल्या होत्या. तिची जीभ या एका विषयावर कधी दमली नाही.

आई म्हणाली, ‘‘गाडी सुटेल. त्यांना वर बोलाव.’’ आणि तिनं डब्यातल्या दशम्या काढल्या.

मला वाटलं, प्रवासात तमाशा नको म्हणून गप्प बसली असेल. घरी गेल्यावर बघा. पण घरी गेल्यावरही काही नाही. अप्पा माजघरात ओढायला लागले, आई बोलली नाही. अप्पा जेवण होताच पाटावरच पेटवायला लागले, आईनं ताट उचललं आणि गेली. एकदा तर मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी काडी ओढली. आईनं दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, एवढंच.

माझं सासर दोन गल्ल्या पलीकडे. मी रोज बँकेतून सुटले की डोकावायचे. आई हसत होती, बोलत होती, शेजारच्या काकूंशी पापडाच्या गप्पा मारत होती. अबोला धरलाय असंही म्हणता येईना. फक्त सिगारेट हा विषय तिच्यापुरता जगातून नाहीसा झाला होता. आणि संध्याकाळी फिरायला जाणं बंद झालं होतं. ‘‘गुडघा धरलाय,’’ म्हणायची. अप्पांचाही पाय दुखत होता, त्यामुळे त्यांनीही ताणून धरलं नाही.

मी चिडले. ‘‘आई, अगं करंगळी बघितलीस का त्यांची? तू बोलत का नाहीस?’’

‘‘मी बोलून ऐकलं असतं तर आत्तापर्यंत ऐकलं नसतं का?’’

‘‘म्हणून पाय जाऊ द्यायचा?’’

‘‘चारू, लसूण सोलून दे जरा.’’

मला हिचा राग यावा की त्यांचा, हेच समजेना. एवढा मोठा पाय पणाला लागलेला आणि ही लसूण सोलायला सांगतेय.

पाडवा झाला आणि एका दुपारी अप्पा माझ्या घरी आले. लंगडत, वाटेत दोनदा थांबत आले असणार. खुर्चीत बसून त्यांनी पाय स्टुलावर ठेवला आणि चहाला नाही म्हणाले. चहाला नाही म्हणणारे अप्पा मी प्रथमच पाहत होते.

‘‘तुझ्या आईनं काशीत काय सोडलं?’’

‘‘मला काय ठाऊक? सांगायचं नसतं म्हणाले ना गुरुजी.’’

‘‘तुला काहीतरी अंदाज असेल. तिला काय आवडतं?’’

‘‘श्रीखंड.’’

‘‘पाडव्याला दोन वाट्या खाल्लंन.’’

‘‘भरीत.’’

‘‘मंगळवारीच केलं होतं. खाल्लंन.’’

‘‘पेरू? ओल्या नारळाच्या करंज्या?’’

‘‘सगळं खातेय. मी एकेक आणून पाहिलं. अळूवडी आणली, शेवेचे लाडू आणले. आत्ताच्या बाजारात जे मिळतं ते सगळं आणलं. तिनं छान म्हणून खाल्लं आणि मला विचारलं, आजकाल एवढे लाड कशाला?’’ अप्पांनी स्टुलावरचा पाय सरकवला. मग म्हणाले, ‘‘खाण्यातलं काहीच सोडलेलं नाही तिनं.’’

‘‘मग दुसरं काहीतरी असेल.’’

‘‘दुसरं तिचं आवडतं आहे काय?’’

अप्पा मोजणीच्या नकाशावर बोट ठेवावं तसं टेबलावर बोट ठेवून बोलत होते.

‘‘आवडतं तेच द्यायचं असतं. आणि काशीहून आल्यापासून ती मला सिगारेटवरून एका शब्दानं बोललेली नाही. फिरायला येत नाही. मी तिच्या नाकासमोर ओढतो तरी काही नाही. चारू, तिनं मला सोडलंन.’’

‘‘तुम्ही तिचे आवडते आहात हे कुणी सांगितलं तुम्हाला?’’ मी थट्टेनं म्हटलं.

अप्पा हसले नाहीत. त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. ‘‘हे ठेव. तिला सांगू नकोस. बघू कळतं का.’’

तिथून जे सुरू झालं, ते आठवलं की अजून मला हसू येतं. अप्पांचे हात रिकामे झाले. त्यांनी परसातलं सगळं अळू उपटलं, मग पुन्हा लावलं. शेजारच्या जोगांच्या कुंपणाची टेप लावून मोजणी केली आणि ते वीतभर आत आलंय म्हणून भांडण काढलं. बडीशेप, लवंग, सुपारी, आवळकाठी, जे हाताला लागेल ते चघळत बसायचे. चहा कडू लागतो, भात कच्चा आहे, रेडिओ मोठा आहे. आई सगळं ऐकून घ्यायची आणि रेडिओ बारीक करायची.

‘‘हिला कळलंय,’’ अप्पा मला म्हणायचे. ‘‘माझ्या कपड्यांना वास येत नाही हे कळणार नाही का? तरी निदान शाब्बास तरी म्हणावं माणसानं!’’

‘‘तुम्ही तिच्यासाठी सोडलीत की पायासाठी?’’

‘‘पाय बोलत नाही. तोही नाही आणि तीही नाही.’’

एकदा बँकेतून येताना मला ते कोपऱ्यावरच्या टपरीच्या मागं दिसले. सिगारेट पेटवलेली होती, बोटांत तशीच जळत होती आणि अप्पा तिच्याकडे बघत होते. मला पाहिल्यावर लपवलीसुद्धा नाही.

‘‘मजा नाही गं येत,’’ ते म्हणाले. ‘‘बोलणारं कुणी असलं की चोरून ओढावीशी वाटायची. आता चोरायचं कुणापासून?’’

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. धुरामुळे असेल असं मी स्वतःला सांगितलं. मी त्यांच्या हातातून ती घेतली, चपलेखाली चिरडली आणि त्यांना हाताला धरून घरी नेलं. रस्त्यात ते भिंतीवरची एकही जाहिरात न वाचता सरळ थांबले, पोटरी धरून. लपवायची गरज संपली होती. मला ते सगळ्यात वाईट वाटलं.

करंगळी गेलीच. जून महिन्यात डॉक्टर बर्ग्यांनी ती काढून टाकली. पण मग जखम भरत आली, पाऊल गरम राहायला लागलं. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, ‘‘सिगारेट सुटली आणि गोळ्या लागू पडल्या. पाय राहिला, खांबेटे. आता चाला. दुखलं की थांबा, पण रोज चाला. जमेल तेवढं चाला.’’

दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. संध्याकाळी मी घरी गेले तर अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर उभे. पायात नव्या मऊ चपला. आई वाती वळत बसली होती.

‘‘चल,’’ अप्पा आईला म्हणाले. ‘‘संगमावर जाऊ. भेळ खाऊ.’’

‘‘तुम्ही जा. मी नाही येत.’’

‘‘गुडघा अजून धरलाय? सकाळी माळ्यावर चढली होतीस.’’

‘‘गुडघ्याला काही नाही.’’

‘‘मग?’’

आईनं वात वळायची थांबवली नाही. अप्पा तिच्याकडे बघत राहिले. मी त्या दोघांकडे. अप्पांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटत गेलं आणि ते हळूच ओट्याच्या पायरीवर बसले.

‘‘फिरणं सोडलंस,’’ ते म्हणाले. ‘‘काशीत. माझ्याबरोबर फिरणं.’’

आईनं पुढचा कापूस बोटांवर घेतला.

‘‘आई, खरंच?’’ मी विचारलं. ‘‘अगं पण का?’’

तिनं वाती डब्यात ठेवल्या. ‘‘हे गंगेत उभे राहून हसले,’’ ती मला म्हणाली, जसे काही अप्पा तिथं नव्हतेच. ‘‘डोळे मिटलेले, पण मिशी हलली. मला कळलं, सिगारेट काही सुटत नाही. म्हणजे पाय जाणार. पायाबरोबर फिरणंही जाणार. मला दुसरं काय होतं गं? दिवसभर ते डोंगरात, मी चुलीपाशी. संध्याकाळी तेवढा तो रस्ता माझा होता. म्हटलं, कुणीतरी हिसकावून नेण्याआधी आपल्या हातानं दिलेलं बरं.’’

‘‘आणि बोलणं का सोडलंस?’’ अप्पांनी विचारलं.

‘‘बोलत होते ते फिरण्यासाठीच. फिरणंच राहिलं नाही, मग घसा कशाला कोरडा करू?’’

‘‘पण पाय राहिला ना!’’ अप्पांनी पाऊल तिच्यासमोर आपटलं. ‘‘हा बघ! चार बोटांचा, पण राहिला!’’

‘‘फिरणं दिलं म्हणून राहिला असेल. आता परत मागू?’’

‘‘वेडी आहेस का? मी सिगारेट सोडली म्हणून राहिला!’’

‘‘आणि ती कशामुळे सोडलीत?’’

अप्पा पायरीवर बोटानं रेघा ओढायला लागले. मीही मनातल्या मनात उत्तर शोधायला लागले. ती बोलायची थांबली म्हणून त्यांनी सोडली. ती थांबली कारण तिनं फिरणं सोडलं होतं. म्हणजे तिचं म्हणणं बरोबर होतं. पण तसं पाहिलं तर डॉक्टरांच्या गोळ्या होत्या, आणि टपरीमागं चिरडलेली ती सिगारेट होती. मी जितका विचार केला तितका माझा गोंधळ वाढला. आजही मला कुणी विचारलं, की तुझ्या वडिलांचा पाय कुणी वाचवला, तर मी नीट उत्तर देऊ शकणार नाही.

‘‘मग मी काय एकटा फिरायला म्हणून सोडली?’’ अप्पा ओरडले. ‘‘मला हे आधी माहीत असतं तर ओढत बसलो असतो!’’

‘‘अजून टपरी उघडी असेल,’’ आई म्हणाली.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. हेच भयंकर होतं. अप्पा उठले, फाटक आपटून गेले. मी त्यांच्यामागं जायला निघाले तर आईनं मला हाताला धरून बसवलं. आम्ही दोघी ओट्यावर बसून राहिलो. ‘‘तू जा ना त्यांच्याबरोबर,’’ मी म्हटलं. ‘‘गंगेला काय एवढं कळतं?’’ आई म्हणाली, ‘‘मला कळतं ना.’’ मग म्हणाली, ‘‘चारू, मी परत घेतलं आणि दुसरा पाय धरला तर?’’ तेव्हा मला कळलं, की ती हट्ट करत नव्हती. ती घाबरली होती.

दिवे लागले तेव्हा अप्पा आले. सरळ आईसमोर उभे राहिले. वास येतोय का म्हणून मी पुढं झुकले, आणि तेवढ्यात त्यांनी कागदाची पुडी तिच्या मांडीवर ठेवली. भेळ होती, वाटेत भिजून मऊ पडलेली.

‘‘संगमापर्यंत गेलो,’’ ते घुश्शातच म्हणाले. ‘‘तीनदा थांबलो. घाटाच्या पायऱ्यांना नवीन कठडा केलाय. जोश्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. भेळवाल्यानं विचारलं, वहिनी कुठायत.’’

‘‘काय सांगितलंत?’’

‘‘घरी आहे म्हटलं. दुसरं काय सांगणार?’’

आई भेळ खायला लागली. अप्पा तिच्या शेजारी बसले आणि वाटेत काय काय दिसलं ते सांगत राहिले.

तीच पुढं रीत झाली. अप्पा रोज एकटे जायचे, येताना बातम्या आणायचे, आई ओट्यावर वाट बघत बसायची. सिगारेटला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. बाजाराला चल, देवळात चल, असं म्हणून त्यांनी तिला अनेकदा बाहेर काढायचा प्रयत्न केला. ती रिक्षानं जायची, पण त्यांच्या शेजारून एक पाऊल चालली नाही. मी दोघांवर चिडायचे, दोघांना समजावायचे. मग थकले. ते दोघं मात्र खूश दिसायचे, हेही मला कोड्यात टाकायचं.

अप्पा गेले ते हृदयविकारानं, झोपेत, दोन्ही पायांनिशी. त्यानंतर पावसाळा सरला आणि एका संध्याकाळी मी घरी गेले, तर आई ओट्यावर चपला घालत होती.

‘‘कुठं निघालीस?’’

‘‘संगमावर. फिरून येते जरा.’’

‘‘आई, अगं तू ते सोडलं होतंस ना?’’

‘‘त्यांच्याबरोबर फिरणं सोडलं होतं,’’ आई चपलेचा पट्टा लावत म्हणाली. ‘‘एकटीनं फिरणं कुठं सोडलं होतं?’’

तिनं फाटक उघडलं आणि रस्त्याला लागली. थोडं पुढं जाऊन ती एका भिंतीपाशी थांबली, आणि तिथली जाहिरात वाचत बराच वेळ उभी राहिली.